घंटीवरची नावं

११ फेब्रुवारी, डुइसबुर्ग

लिफ्ट पुन्हा बंद. सहाव्या मजल्यावरचे झीबेकआजोबा आज पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट शेजारी ठेवून दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले. उभा जन्म पोलादाच्या भट्टीपुढे काढलेला माणूस, आणि आता धापा टाकत मला म्हणतात, "रोमान, तू हो पुढे. मी इथेच संसार थाटतो. शेजार बरा दिसतोय." क्रेट मी वर पोचवला. ते हसत होते, मला हसू येईना.

घरी येऊन बघतो तर टपालात घरकंपनीचं उत्तर. बुरशीबद्दल आम्ही सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून तक्रार केली होती, तिचं. ‘सन्माननीय भाडेकरू ०७-५-१, आपल्या घरातील बुरशी चुकीच्या पद्धतीने हवा खेळवल्यामुळे आली आहे.’ सोबत चित्रांचं पत्रक, खिडकी कशी उघडावी याचं. माझी आई रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडते, भर डिसेंबरातही, मी न्हाणीतून ओला बाहेर आलेलो असलो तरी. तिला हे खिडकी उघडायला शिकवणार.

आणि नाव नाही, आकडा. माझ्या आईचं नाव उर्सुला पिओन्टेक आहे. खाली घंटीच्या पाटीवर लिहिलेलं आहे. वाचता येत असेल तर वाचा ना, हलकटांनो.

हे लिहितानाच सुचलं. घंटीच्या पाटीवरची नावं, ठेक्यावर, एकामागून एक. त्यांनी आकडे दिलेत, आपण नावं द्यायची.

१४ फेब्रुवारी

टिलोला चार ओळी म्हणून दाखवल्या. टिलो माझ्या रॅपचे ठेके बांधतो, गाडी चालवतो, कार्यक्रम ठरवतो आणि शाळेपासून माझा अपमान करतो. ऐकून त्याने पुन्हा म्हणायला लावल्या, हे त्याच्या बाबतीत नवल.

"दहा वर्षं तू भांडवलशाहीवर घसा फोडतोयस," तो म्हणाला, "आणि युवाकेंद्रातली पोरं फुकटचा सोडा पिऊन घरी जातात. हे ऐकतील."

"आधीचं ऐकण्यासारखं नव्हतं?"

"आधीचं बरोबर होतं, रोमान. बरोबर असलेलं कोण ऐकतं?"

२ एप्रिल

आई आज पाठीच्या उपचारासाठी समुद्राकाठच्या आरोग्यगृहात गेली. तिथून पुढे मावशीकडे. मोबाइल मुद्दाम घरी ठेवलाय, म्हणे विश्रांती म्हणजे विश्रांती. तिथून फोनही करणार नाही, आठ मेला आले की बोलू.

जाताना सूचनांचा भडिमार. अख्ख्या इमारतीची पार्सलं आमच्याकडे येतात, कारण दिवसा घरात असणारी आईच. "घेत जा, पण कुणाचं काय आलं ते वाचत बसू नकोस. आणि खालच्या कोनीचं आलं तर थेट तिच्या हातात दे. दारावर चिठ्ठी लावायची नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

कोनी म्हणजे चौथ्या मजल्यावरची बाई. शाळकरी मुलगी आहे तिला. बोलण्यात दक्षिणेकडचा हेल, पण मुळात बोलतेच कमी. आईचं आणि तिचं जमतं. दुपारी दोघी केक खात बसतात आणि मी स्वयंपाकघरात गेलो की विषय बदलतात. बायकांच्या गप्पा, दुसरं काय.

९ एप्रिल

आज संतापाची कमाल झाली. कोनीबाईंचं पार्सल आलं. वर नाव: कोर्नेलिया व्हाइडिंगर, आणि खाली बारीक अक्षरात, ‘होल्टकाम्प यांची घंटी’. म्हणजे बघा. होल्टकाम्पआजी वारून जमाना झाला. ही बाई तिथे राहते, भाडं भरते, जिना झाडायची तिची पाळी कधी चुकवत नाही, आणि घंटीवर अजून मेलेल्या म्हातारीचं नाव. कंपनीला एक पट्टी बदलायला होत नाही. जिवंत माणसाला नाव नाही आणि मेलेलीला घंटी आहे.

पार्सल द्यायला गेलो तेव्हा म्हणालो, "व्हाइडिंगरबाई, हे असं चालायचं नाही."

त्या एकदम पांढऱ्या पडल्या. "काय?"

"घंटीवर तुमचं नाव नाही. मी बघतो काय करायचं ते."

"नको, नको. राहू दे. मला काही त्रास नाही त्याचा."

असं करून ठेवलंय यांनी लोकांना. आपलं नाव मागायचीही लाज वाटते.

१० एप्रिल

त्यांचं नाव पहिल्याच कडव्यात घेतलं. व्हा-इ-डिंग-र, ठेक्यावर असं चपखल बसतं की टिलो खुर्चीवरून उठला. खाली जाऊन जाड काळ्या पेनाने पट्टी लिहिली आणि होल्टकाम्पच्या जागी चिकटवली. उद्या चित्रीकरण.

११ एप्रिल

चित्रीकरण झालं. झीबेकआजोबा कॅमेऱ्यासमोर क्रेट घेऊन जिना चढले, तेही परत परत, कारण टिलोला धाप नीट ऐकू येत नव्हती. "भट्टीवर सुद्धा एवढं राबवलं नाही मला," म्हणाले. मग घंटीची पाटी जवळून. माझं बोट एकेका नावावर. व्हाइडिंगर सगळ्यात उठून दिसतं, शाई ताजी आहे ना.

गंमत म्हणजे सकाळी पट्टी गायब होती. कोणीतरी सोलून काढलेली. कंपनीचा रखवालदार, नक्की. मी दुसरी लिहिली. काढ म्हणावं किती काढतोस ते.

१९ एप्रिल

जिन्यात व्हाइडिंगरबाई भेटल्या. हातात कपड्यांची टोपली. "रोमान, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. ते माझं नाव—"

"काळजीच करू नका," मी म्हटलं, "पहिल्याच कडव्यात आहात. येत्या शुक्रवारी सगळ्या देशाला कळेल या घरात कोण राहतं ते."

त्या टोपली धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचीच भीती वाटते. गाण्यात येईल."

इतकं छान मला अजून कुणी म्हटलेलं नाही. मी सांगितलं, त्यासाठीच तर आहे मी. मग टिलोचा फोन आला.

२४ एप्रिल

गाणं आलं.

२७ एप्रिल

डोकं ठिकाणावर नाही. लोक आपापल्या घंटीच्या पाट्यांचे फोटो पाठवताहेत, हाले, मानहाइम, ब्रेमरहाफन, कुठून कुठून. प्रत्येक ठिकाणी तीच बुरशी, तेच खिडकीचं पत्रक. वर्तमानपत्रवाले दाराशी. एकाने विचारलं, गाण्यासाठी श्लाके हे नाव का घेतलं? भट्टीत लोखंड वितळलं की वर जी मळी येते, ती श्लाके. आम्ही तीच, म्हटलं, फक्त यावेळी कुणाला उपसून फेकू देणार नाही. त्याने ते जसंच्या तसं छापलं.

मुलाखत चालू असताना व्हाइडिंगरबाई वर आल्या होत्या. स्वयंपाकघरात बसवलं. मुलाखत लांबली, बाहेर येऊन बघतो तर गेलेल्या. पाणीसुद्धा न पिता.

२८ एप्रिल

त्या पुन्हा आल्या. या वेळी दारातच, कोट अंगावर. "ते नाव गाण्यातून काढता येईल का? फक्त माझं."

मला वाईट वाटलं, खरंच. पण रागही आला, तिचा नाही, ज्यांनी तिला असं केलंय त्यांचा. मी म्हटलं, "कंपनी तुमचं काही वाकडं करू शकत नाही. तुम्ही घाबरता ना, तीच त्यांची खरी मालकी. भाडं नाही, भीती."

"कंपनीचं नाही हो," त्या म्हणाल्या.

"सगळं शेवटी कंपनीचंच असतं," मी म्हटलं आणि तासभर तरी समजावलं असेल. त्या मान हलवत होत्या. शेवटी विचारलं, "तुमची आई कधी येणार?" आठ तारखेला, म्हटलं.

‘भाडं नाही, भीती.’ पुढच्या गाण्यात घ्यायला हवं.

३ मे

एसेनला दुकानात सह्या. बाहेरपर्यंत रांग. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी रांग लावली.

एक गृहस्थ आले होते, चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, फार सभ्य. पार दक्षिणेहून आलोय म्हणाले, खास. गाणं तोंडपाठ. "व्हाइडिंगर हे नाव विरळा," म्हणाले. "आमच्या नात्यात होती एक कोर्नेलिया. मध्यंतरी संपर्कच तुटला. तीच असेल का हो?"

मी विचारलं, मुलगी आहे का? त्यांचे डोळे भरून आले. "आहे. लेनी."

मलाही भरून आलं. चौथा मजला, म्हटलं, डावीकडचं दार. नऊ तारखेला अंगणात भाडेकरूंचा मेळावा आहे, सगळे असतील, या ना. आज रात्रीच परतायचंय, पण नऊला नक्की, म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्याबद्दल लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे बघायला हवं होतं. एक गाणं, आणि तुटलेली माणसं जोडली जातात. व्हाइडिंगरबाईंना काही सांगितलं नाही. अचानक भेट झाली की मजा येईल.

८ मे

क्रमाने लिहून काढतो.

आई दुपारी आली. लिफ्ट बंदच, म्हणून तिची बॅग मी उचललेली. चढता चढता सगळं सांगत होतो, गाणं, वर्तमानपत्रं, रांग, आणि मग त्या गृहस्थांची गोष्ट. आई दुसऱ्या मजल्यावर थांबली.

"कुणाचं नाव घेतलंस?"

"व्हाइडिंगरबाईंचं. अगं, घंटीवर नव्हतंच—"

"आणि त्या माणसाला काय सांगितलंस?"

"मजला."

आईने मला मारलं नाही. मारायला हवं होतं. पाठ धरून चालणारी माझी आई दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. मी बॅग घेऊन मागे. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, आईने बॅग माझ्या हातातून ओढून घेतली, तिथेच उपडी केली, तिचे सगळे कपडे, आंघोळीचा टॉवेल, मावशीने दिलेला मुरंबा, सगळं जिन्यात. आणि रिकामी बॅग कोनीच्या हातात दिली.

"तू खाली फाटकाशी उभा राहा," आई म्हणाली. "कोणी आलं तर तू काही बोलायचं नाहीस. कळलं? काहीही नाही."

मी उभा राहिलो. कोनी आणि लेनी तळघरातून, सायकलींच्या बाजूने, मागे गॅरेजकडे गेल्या, तिथे गाडी आली असावी. मला फक्त आवाज आला.

मग आईने स्वयंपाकघरात बसून सांगितलं. नवरा आहे तो. दोनदा हात मोडलाय तिचा. लेनी तीन वर्षांची होती तेव्हा तिच्यादेखत. सरकारदरबारी पत्ता कुणालाही न देण्याची नोंद करून घेतलेली, घंटीवर मेलेल्या बाईचं नाव ठेवलेलं, शाळेतसुद्धा वेगळी व्यवस्था. दोन वर्षं त्या माणसाला त्या सापडल्या नाहीत. पट्टी रखवालदाराने नाही, तिनेच सोलली होती.

मी ओरडलो. होय, मलाच राग आला, म्हटलं, "मग सांगायचं ना तिने. माझ्या तोंडावर सांगायचं."

"किती वेळा आली होती तुझ्याकडे?" आईने विचारलं.

मी बोटांवर मोजलं. तीनदा.

"ती आली तेव्हा तू काय केलंस?"

"समजावलं," मी म्हटलं.

९ मे

तो आला. फुलं घेऊन.

अंगणात सॉसेज भाजणं चाललेलं, पोरं माझंच गाणं लावून नाचत होती. तो सरळ घंटीच्या पाटीशी गेला. तिथे पट्टी नव्हती, सकाळीच मी काढली होती. मी जवळ गेलो. आईने सांगितलं होतं काय बोलायचं ते.

"अहो, माफ करा, माझी चूक झाली," मी म्हटलं. "ते नाव मी बनवलेलं होतं. ठेक्यात बसतं म्हणून. त्या दिवशी तुमचे डोळे बघून मला खरं सांगवेना."

तो हसला. फार सभ्य हसला. "आणि मुलगी? तीही ठेक्यात बसते म्हणून?"

"तीही," मी म्हटलं. "मी गाणी लिहितो. थापा मारणं हाच धंदा."

त्याने चौथ्या मजल्याची बिननावाची घंटी बोट ठेवून दाबली, बराच वेळ. वर रिकाम्या घरात ती वाजत राहिली. मग फुलं झीबेकआजोबांच्या हातात देऊन निघून गेला. "हा कोण मेला?" आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, चाहता आहे.

१० मे

आई म्हणते, तेवढ्याने भागायचं नाही. तो सगळं वाचतो, सगळं ऐकतो. एकट्याला सांगितलेली थाप तो मानणार नाही, सगळ्यांना सांगितलेली कदाचित मानेल. गाणं काढून घे आणि का, ते सांगू नकोस. नावं रचलेली होती असं म्हण.

"आई, माझ्याकडे दुसरं आहे काय? श्लाके खोटं बोलत नाही, एवढ्यासाठी लोक ऐकतात मला."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि जिन्यातून आणलेले कपडे पुन्हा धुवायला टाकले.

११ मे

लिहून टाकलं. ‘गाण्यातली नावं माझ्या कल्पनेतली आहेत. गाणं मी मागे घेत आहे.’ टिलोला फोनवर खरं सांगता येईना. तो इतकं चांगलं बोलतो, पण तोंड त्याचं गळकं आहे.

"किती दिले त्यांनी?" त्याने विचारलं.

"कुणी?"

"वेड पांघरू नकोस, रोमान." फोन ठेवला त्याने. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझा अपमान केला नाही, आणि तेच लागलं.

१३ मे

घरकंपनीचं जाहीर निवेदन. ‘कलाकाराने स्वतःच मान्य केल्याप्रमाणे, आमच्या इमारतींबद्दलचे चित्रण काल्पनिक होते. त्यांच्या प्रामाणिकपणाचे आम्ही स्वागत करतो.’ प्रामाणिकपणाचे स्वागत. भिंतीवरची बुरशी उशाशी घेऊन मी हे वाचतोय. ओल माझ्या गालाला लागतेय. ही पण काल्पनिक. भिंतीवर मूठ मारली तर पोपडे अंगावर पडले. एक ओळ, एका ओळीत यांची चामडी सोलून ठेवीन, आणि ती लिहायची नाही. लिहिली तर विचारतील, मग नावं खरी होती का? आणि ते विचारणाऱ्यांत तो असेल.

१८ मे

लिफ्ट दुरुस्त झाली. आजच. वर्षभर आम्ही बोंब मारली तेव्हा सुटा भाग मिळत नव्हता, आता बरोबर मिळाला. नवा आरसा सुद्धा लावलाय.

झीबेकआजोबा लिफ्टमध्ये भेटले. क्रेट पायाशी. वर जाईपर्यंत आरशात माझ्याकडे बघत होते.

"मी पण काल्पनिक का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"तू सगळ्या जर्मनीला तसं सांगितलंस. मुलगी हॅम्बर्गहून फोन करते, बाबा, तुम्ही त्या गाण्यात पैसे घेऊन धापा टाकल्या का?" सहावा मजला आला. "लिफ्ट चांगली आहे," ते म्हणाले. "एवढ्यावर स्वतःला विकायला नको होतंस." क्रेट मला उचलू दिला नाही.

६ जून

ओबरहाउझेनचा मैदानी कार्यक्रम आधीच ठरलेला. टिलो आला नाही, ठेके फोनवरून वाजवले. तिसऱ्या गाण्यालाच मागून सुरू झालं, "नावं घे. नावं घे." मग पुढच्यांनी उचललं. सगळं मैदान टाळ्यांवर माझाच ठेका धरून. याच आवाजासाठी मी दहा वर्षं युवाकेंद्रांच्या लाकडी फळ्यांवर उभा राहिलो. मी दुसरं गाणं सुरू केलं. एक प्लास्टिकचा पेला येऊन खांद्याला लागला. पहिल्या रांगेतली एक मुलगी, सोळासतरा वर्षांची असेल, ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "आमच्याकडे पण बुरशी आहे. तुला खरं मानलं होतं आम्ही." माइक हातात होता. तोंड उघडलं, आणि त्या गर्दीत इस्त्रीचे शर्ट किती आहेत ते मोजत बसलो. तोंड मिटलं.

७ जून

आई बटाटे सोलत होती. मी समोर बसलो. कालचं काही सांगितलं नाही, तिने वर्तमानपत्रात वाचलेलं होतं.

"ती बरी आहे का?" मी विचारलं.

"बरी आहे."

"आणि लेनी?"

"नव्या शाळेत जाते."

"कुठे असतात त्या?"

आईने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. राग असता तर भांडलो असतो.

"तू गातोस, रोमान," ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.